नळीचं तोंड

त्या सकाळी फिलोमेनाने गाडीत भरलं ते सगळं रोजचंच सामान होतं. प्लॅस्टरची पोती, गोणपाटाच्या फाडलेल्या पट्ट्या, पाण्याचे डबे, ब्रश, खुरपी, पाव आणि चीज. सगळ्यात शेवटी येर्बाची, चहासारख्या त्या कडवट पानांची, पिशवी. थर्मासमधलं पाणी तिने उकळी फुटायच्या आत उतरवलं होतं, कारण उकळत्या पाण्याने येर्बाची पानं करपतात आणि मग दिवसभर तोंड कडू राहतं. ती प्यायचा तुंबा तिच्या आईचा होता, वाळक्या भोपळ्याचा, हाताळून हाताळून काळा पडलेला. प्यायची चांदीची नळी तिने फडक्यात गुंडाळली, पिशवी मांडीवर घेतली आणि ती पुढच्या सीटवर बसली.

तिचा नवरा बाल्दोमेरो गाडी चालवत होता आणि बोलत नव्हता.

बाल्दोचा अबोला सगळ्या पुंता पार्दा गावाला ठाऊक होता. रागावला की तो आरडाओरडा करायचा नाही, भांडी आपटायचा नाही. नुसता गप्प व्हायचा, आणि ते गप्प बसणं घरात एखाद्या मोठ्या कपाटासारखं मधोमध उभं राहायचं. अशा दिवसांतही तो एका गोष्टीला मात्र नाही म्हणत नसे. फिलोमेनाने येर्बाचा तुंबा पुढे केला की हात यायचाच. तेवढ्यावरून तिला कळायचं, की राग आहे पण माणूस आहे.

मागे सामानावर बसलेला इसिदोरो म्हणाला, "वहिनी, आज बाहेरच्यापेक्षा गाडीतच जास्त थंडी आहे की."

इसिदोरो बाल्दोचा चुलतभाऊ. मेंढ्या राखायचा, आणि हाडं काढायची असली की मेंढ्या बायकोवर सोडून यायचा.

"तुझ्या भावाला विचार," फिलोमेना म्हणाली.

"त्याला काय विचारायचं? ओठ प्लॅस्टरमध्ये बांधलेत त्याचे. आता थेट संग्रहालयातच उघडायचे."

बाल्दो हसला नाही.

भांडण झालं होतं ते कड्यातल्या एका बिळावरून. पम्पाचं माळरान जिथे समुद्रापाशी एकदम तुटतं तिथे मातीचे उंच कडे आहेत. दर हिवाळ्यात लाटा त्यांचा थोडा थोडा घास घेतात, आणि घास घेतला की आतलं काहीतरी डोकावतं. कधी कवटी, कधी पाठीचा मणका. बाल्दो तरुणपणी लोकर कातरायचा, फिलोमेना शाळेत स्वयंपाक करायची. हाडांचं वेड दोघांना बरोबरच लागलं, आणि जुन्या रेल्वेच्या गोदामात गावाचं संग्रहालय उभं राहिलं ते दोघांच्या हातांनी. पण बाल्दोचा जीव अडकला होता तो ऐद्यात. झाडाला उलटा लटकून जन्म काढणारा सुस्त स्लॉथ चित्रातून सगळ्यांना माहीत असतो. त्याच्याच भाऊबंदांपैकी एक जनावर कधीकाळी या माळावर जमिनीवरून चालायचं. हत्तीएवढं धूड, अंगभर केस, आणि हाताला कोयत्यासारख्या नख्या. पुस्तकात त्याचं नाव लांबलचक आहे. गावात त्याला ऐदोबा म्हणतात.

शाळेची पोरं संग्रहालयात आली की बाल्दो त्यांना ऐदोबा कसा चालायचा ते करून दाखवायचा. पावलं आत वळवून, तळव्याच्या बाहेरच्या कडेवर सगळा भार टाकून, हात मनगटातून मुडपून तो गोदामभर डुलत फिरायचा. पोरं हसून लोळायची. फिलोमेना दारातून म्हणायची, "वारं फिरलं तर तसाच राहशील हां!"

ऐद्याची सुटी हाडं त्यांना पुष्कळ मिळाली होती. मांडीचं हाड होतं, बरगड्या होत्या, दोन नख्या होत्या. अख्खा ऐदी कधी मिळाला नव्हता. आणि मग मागच्या पंधरवड्यात कड्याचा एक तुकडा ढासळला आणि त्यामागे गोल, काळं तोंड उघडलं. ते ऐद्यानेच खणलेलं बीळ होतं. माणूस वाकून आत शिरला की पुढे सरळ उभा राहू शकेल एवढं मोठं. भिंतींवर त्याच्या नख्यांचे ओरखडे जोडीजोडीने कोरलेले, कालच ओढल्यासारखे धारदार. अशा बिळांत हाडं कधी सापडत नाहीत, नुसती पोकळी आणि गाळ असतो. या बिळात वळणापलीकडे, आतल्या दालनात, तो बसलेला होता. उकिडवा, मान खाली घातलेली, दोन्ही हात छातीशी घेतलेले, थंडीत शेकोटीपाशी डुलकी लागलेल्या म्हाताऱ्यासारखा. अर्धा मातीत, अर्धा बाहेर.

बाल्दो त्या दिवशी त्याच्यासमोर टोपी काढून उभा राहिला होता.

आणि आता रेडिओवर सांगत होते, आग्नेयेचं वादळ येतंय.

"माती भिजलीय, बाल्दो," सकाळी फिलोमेना म्हणाली होती. "छताला पाझर धरलाय. हाडांपायी स्वतःची हाडं मोडून घेशील."

"वादळ झाल्यावर तो कडा राहील का?"

"नाही राहिला तर नाही राहिला. इतकी हजार वर्षं बसलाय तो, त्याला काही घाई नाही."

"मला आहे." बुटाची नाडी बांधता बांधता बाल्दो म्हणाला, "तुला भीती वाटते तर घरी बस. तसंही तुला यात मनापासून काही नव्हतंच."

फिलोमेनाने ते ऐकलं, आणि ती थर्मास भरायला गेली. ती घरी बसणार नव्हती, कारण तिला आता एवढंच हवं होतं, की संध्याकाळी हा माणूस धडधाकट घरी यावा. हाडं आली काय, न आली काय.

कड्याखाली ढग इतके खाली आले होते की समुद्र नुसता ऐकू येत होता. बिळात शिरलं की तो आवाजही मागे पडायचा आणि उरायचा तो फक्त पाण्याचा थेंब, कुठेतरी, सावकाश. त्यांनी सकाळभर काम केलं. ऐद्याच्या पाठीच्या बाजूची माती खरवडली, मोकळ्या झालेल्या हाडांवर ओला कागद लावला, त्यावर प्लॅस्टरमध्ये बुडवलेल्या पट्ट्या. भर दुपारी इसिदोरोने हातातलं खुरपं खाली ठेवलं.

"आता थांबायचं. झोपेची वेळ झाली."

गावात दुपारच्या झोपेच्या वेळी कोणी काम करत नाही. दारं-खिडक्या मिटलेल्या असतात, कुत्रीसुद्धा रस्त्यावरून उठून सावलीला जातात. इसिदोरोच्या आईने त्याला लहानपणी सांगितलं होतं, की या वेळेला जे जागं असतं ते माणूस नसतं, आणि तो अजूनही ते अर्धं चेष्टेने, अर्धं खरं धरून चालायचा.

ते तिघं वळणाच्या अलीकडे भिंतीला टेकून बसले. दिवा विझवला, कारण बंद जागेत कार्बाइडच्या दिव्याचा वास डोक्यात जातो. बिळाच्या तोंडाकडून थोडा करडा उजेड येत होता, पण बसल्या जागी स्वतःचा हातही दिसत नव्हता. फिलोमेनाने अंधारातच तुंबा भरला. पहिला तिने स्वतः प्यायला, कारण पहिला नेहमी ओतणाऱ्याचा असतो. मग भरून इसिदोरोला दिला. मग बाल्दोला. हात आला, तुंबा गेला, नळीचा तो शेवटचा घुरघुराट झाला आणि तुंबा परत आला. नळी भलतीकडेच वळलेली होती, ती फिलोमेनाच्या अंगठ्यात रुतली.

"तीस वर्षं झाली लग्नाला," ती म्हणाली, "तुंबा परत देताना नळीचं तोंड ओतणाऱ्याकडे करावं, एवढं याला शिकवता आलं नाही मला. मेंढरं शिकली असती."

"मेंढरांना शिकवायला मी होतो," इसिदोरो म्हणाला.

बाल्दो गप्पच.

आणखी एका फेरीनंतर इसिदोरो म्हणाला, "आभार, वहिनी." आभार म्हटलं की त्या माणसाचं पुरे झालं, तो फेरीतून उठला. जोवर म्हटलं नाही तोवर त्याची पाळी राहते, आणि ओतणाऱ्याने ओतत राहायचं असतं. फिलोमेनाने बाल्दोचा तुंबा भरला. तेवढ्यात अंधारात कपड्यांची सळसळ झाली. बाल्दो उठला होता. त्याने टॉर्च लावला आणि वळणापलीकडे निघाला.

"अरे, तुझी पाळी आहे! निदान आभार म्हण आणि जा!"

तो गेला. टॉर्चचा उजेड वळणावर थोडा वेळ हलला आणि मग तोही गेला. भरलेला तुंबा फिलोमेनाच्या हातात तसाच राहिला, आणि ती तो धरून बसली असतानाच छत खाली आलं.

फार मोठा आवाज झाला नाही. कोणीतरी मोठा उसासा टाकावा तसं झालं. मग हवेचा एक गार लोट अंगावर आला, धुळीने तोंड भरलं, आणि मग पूर्ण शांतता. थेंबाचाही आवाज थांबला.

इसिदोरोने काडी ओढली. वळणाच्या पलीकडे वाट उरली नव्हती. ओल्या मातीचा ढीग जमिनीपासून छतापर्यंत, आणि अगदी वर, छताखाली, एक फट. हात जाईल एवढी.

"बाल्दो!"

हाक मातीतच जिरली.

फिलोमेना हातांनी माती ओढायला लागली तशी इसिदोरोने तिला मागे खेचलं. "हात लावू नका! खालून काढली तर वरची येईल. फळ्या हव्यात, माणसं हवीत. मी गावातून घेऊन येतो. तुम्ही बाहेर चला, वहिनी."

"मी इथेच थांबते."

"वहिनी..."

"जा तू. पळ."

तो पळाला. दिव्याची काच फुटली होती, काड्या त्याच्या खिशात गेल्या. फिलोमेना चाचपडत ढिगावर चढली, पोटावर आडवी झाली आणि तिने तोंड फटीला लावलं.

"बाल्दो, ऐकू येतंय का?"

आत अंधार होता, आणि त्या अंधाराला वास होता. आधी ओल्या मातीचा. मग हळूहळू, त्याच्या आडून, ओल्या लोकरीचा. फिलोमेनाच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्न झालं तेव्हा बाल्दोच्या अंगाला हाच वास यायचा, कातरणीच्या शेडमधून आला की अंघोळीनंतरही जायचा नाही. तिने कान दिला. श्वास ऐकू येत होता. फार लांबून, फार सावकाश, पण श्वासच.

"जिवंत आहेस... देवा, जिवंत आहेस. बोल ना रे काहीतरी. अजून राग आहे का?"

श्वास तसाच चालू राहिला.

तिला एकदम वाटलं, याचं तोंड धुळीने भरलं असेल. बोलेल कसा? ती खाली उतरली, तुंबा शोधला. तो सांडला होता, पण थर्मास धड होता. तिने नवी पानं घातली, पाणी ओतलं आणि पुन्हा वर चढून हात फटीत घातला, खांद्यापर्यंत. तुंबा तळव्यावर होता.

"घे," ती म्हणाली. "तुझी पाळी राहिली होती."

बराच वेळ काही झालं नाही. हाताला रग लागली. मग तळव्यावरचं ओझं उचललं गेलं. ओढलं नाही, हिसकावलं नाही, अलगद उचललं गेलं. आणि मग आतून तो घुरघुराट आला, तुंबा तळापर्यंत रिकामा झाल्याचा.

फिलोमेना मातीवर गाल टेकून रडली.

तुंबा परत तिच्या तळव्यावर आला तेव्हा नळीचं टोक तिच्या मनगटाला लागलं. अगदी सरळ. नळीचं तोंड तिच्याकडे होतं.

तीस वर्षांत पहिल्यांदा. तिला वाटलं, माफी मागतोय. शब्दांनी कधी मागितली नाही, आता मागतोय.

मग फेरी सुरू झाली. एक तिचा, एक त्याचा. तिने स्वतःचा भरून नळी ओठांना लावली तेव्हा ती दचकली. पाणी गरम होतं, तुंबा गरम होता, पण नळी बर्फासारखी गार होती आणि तिला मातीची चव होती. आत गारठा असेल, तिने स्वतःला सांगितलं. याला गारठ्यात काही होता कामा नये. ती भरत राहिली, देत राहिली, आणि बोलत राहिली. सकाळचं भांडण काढलं, आपणच चुकलो म्हणाली. संग्रहालयाच्या छताची गोष्ट काढली, गोदाम झाडायला दोघं पहिल्यांदा गेली तेव्हा घुबड बाहेर आलं होतं त्याची. आतून नुसता श्वास यायचा, आणि प्रत्येक वेळी नळी सरळ.

"ते आणतीलच आता फळ्या. मग घरी जायचं हां. तुला इथे टाकून मी जायची नाही. ऐकतोयस ना? माझ्याबरोबर घरी चल. तुझी खुर्ची खिडकीशी सरकवते, पाय शेकोटीकडे. तुला नेल्याशिवाय मी इथून हलत नाही..."

श्वास थांबला. कोणीतरी नीट ऐकायला लागल्यासारखा.

त्याच्या पुढच्या वेळी तिने तुंबा देताना बोटं लांब केली. त्याचा हात हातात घ्यायचा होता तिला. बोटांना लागलं ते गुळगुळीत होतं, टणक आणि वाकडं. खुरपं, ती मनात म्हणाली. हातातलं खुरपं सोडलं नाही याने अजून. तिने हात मागे घेतला. का कोण जाणे, पुन्हा बोटं लांब केली नाहीत.

थर्मास तिरपा केला, आणखी तिरपा केला. पाणी संपलं होतं. आणि बाल्दोने अजून आभार म्हटलं नव्हतं. एरवी दोन-तीन झाले की तो आभार म्हणायचा, दार लावून घेतल्यासारखा, खाडकन. आज तो फेरीतून उठत नव्हता. तिला त्याचं बरं वाटलं. उठला नाही म्हणजे आहे.

"पाणी संपलं, बाल्दो," ती फटीत म्हणाली.

आतून तुंबा परत आला नाही. अंधारात त्याच्या काठावर काहीतरी टणक वाजलं.

टक... टक.

"संपलं रे. खरंच संपलं."

टक... टक.

तिने हात फटीतून काढून घेतला. तिच्या मानेवर काटा आला होता आणि तो का आला हे तिला कळत नव्हतं. बाहेर बिळाच्या तोंडाशी माणसांचे आवाज ऐकू आले तेव्हा तुंबा फटीतून बाहेर आला, मातीवरून घरंगळत, आणि तिच्या पायाशी थांबला.

माणसांनी फळ्यांचा आधार लावून बाजूने वाट काढली. इसिदोरो पहिला आत गेला, टॉर्च घेऊन. मग त्याचा आवाज आला, तो त्याचा नेहमीचा नव्हता.

"आहे. जिवंत आहे. इकडे, मागच्या भिंतीशी."

"मागच्या? म्हणजे इथे फटीशी..."

"वहिनी, तुम्ही बाहेर जा."

पण ती आत गेली होती. बाल्दो दालनाच्या पार टोकाला होता. पाय मोठ्या ढेकळाखाली अडकलेला, छातीपर्यंत माती. ओठ कोरडे पडून फुटले होते, त्यांवर धुळीचा थर. तिथून फटीपर्यंत तीन माणसं आडवी झोपली असती. आणि त्याच्या आणि फटीच्या मध्ये तो बसलेला होता, उकिडवा, अर्धा मातीत.

इसिदोरोचा टॉर्च त्याच्यावर थांबला.

"सकाळी याचे दोन्ही हात छातीशी होते ना?" त्याने हळू आवाजात विचारलं.

माणसं बाल्दोचा पाय सोडवत होती, आणि वरून पुन्हा माती ठिबकायला लागली होती. त्यांनी त्याला फळीवर घातलं आणि बाहेर आणलं.

गाडीत फिलोमेनाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, ओल्या फडक्याने ओठ पुसले. बाहिया शहरातल्या इस्पितळाचा रस्ता लांब होता. अर्ध्या वाटेत त्याने डोळे उघडले.

"फिलो... तू कुणाला पाजत होतीस?"

"तुलाच की."

"मला एक घोटसुद्धा आला नाही." त्याचा आवाज वाळूसारखा येत होता. "मी हाका मारत होतो... छातीवर माती होती, आवाज फुटत नव्हता. तुझं सगळं ऐकू येत होतं. घुबडाची गोष्ट... घरी चल म्हणालीस ते." तो थांबला. "आणि नळीचा आवाज. तुझ्या नि माझ्या मध्ये."

रात्रीतून वादळ आलं आणि त्याने कड्याचा तो भाग समुद्रात नेला. सकाळी तिथे नुसती कापल्यासारखी भिंत होती. बीळ नाही, ऐदी नाही, प्लॅस्टर बांधलेली हाडंही नाहीत. फिलोमेनाला वाईट वाटलं नाही. तिला हवं होतं ते परत आलं होतं.

बाल्दो बरेच दिवस इस्पितळात होता. घोटा वाकडा जुळला. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण पाऊल आत वळलेलं राहील आणि भार बाहेरच्या कडेवर येईल. घरी आला तेव्हा तसाच चालत आला, डुलत. दारात उभी असलेली शेजाऱ्याची पोर हसली. तिला वाटलं, गंमत करून दाखवतोय.

बाकी तो बदलला म्हणावं तर चांगलाच बदलला. अबोला धरणं बंद झालं. खिडकीशी खुर्चीत बसायचा, पाय शेकोटीकडे करून. फिलोमेना काही सांगायला लागली की मान किंचित तिरकी करून शेवटपर्यंत ऐकायचा. हाडांचं नाव काढत नसे. संग्रहालयात यायचा नाही. येर्बाही पीत नसे. ती तुंबा पुढे करायची तेव्हा तो नुसता मान हलवायचा, आणि त्या घुरघुराटाची आठवण असेल म्हणून तीही आग्रह करायची नाही.

इसिदोरो एकदा लोणी द्यायला आला होता. दारातच उभा राहिला.

"वहिनी, एक विचारू? त्या दिवशी... त्याने आभार म्हटलं होतं का?"

"कोणी?"

"ज्याला तुम्ही पाजत होता."

फिलोमेनाने आठवून पाहिलं, जरी आठवायची गरज नव्हती. "नाही."

इसिदोरोने टोपी डोक्यावर घातली. "मेंढ्या एकट्या आहेत," तो म्हणाला. लोणी घेऊन तो पुन्हा आला, पण तिच्या फेरीत पुन्हा कधी बसला नाही.

उन्हाळा आला. माळ पिवळा पडला, बरेच दिवस पाऊस नव्हता. एका दुपारी गाव झोपलेलं असताना फिलोमेना स्वयंपाकघरात एकटीच येर्बा घेऊन बसली होती. पहिला तुंबा पिऊन झाला होता. पडवीतून पावलं आली, एक नीट, एक घासत, आणि बाल्दो येऊन समोरच्या खुर्चीत बसला.

"मला ओत ना एक," तो म्हणाला.

तिला केवढा आनंद झाला. म्हणजे आता भीती गेली याची. तिने पानं सारखी केली, जपून पाणी सोडलं, तुंबा दिला. त्याने दोन्ही हातांत धरला, मनगटं आत मुडपून. त्या अपघातापासून हातही तसेच आखडले होते. डोळे मिटून प्यायला, पार तळापर्यंत, घुरघुराट होईतो. मग तुंबा पुढे केला.

नळीचं तोंड तिच्याकडे होतं. अगदी सरळ.

फिलोमेनाने तुंबा घेतला. त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो मान किंचित तिरकी करून तिच्याकडे बघत होता.

"शिकलास म्हणायचं शेवटी," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता तसा निघाला नाही.

तिने स्वतःचा भरला, कारण पाळी तिची होती, आणि नळी ओठांना लावली. बाहेर ऊन इतकं होतं की पत्रा कडकडत होता. नळी बर्फासारखी गार होती.

तिने त्याला पुन्हा भरून दिला. पुन्हा नळी सरळ आली. आभार म्हण, ती मनात म्हणत होती. एकदाच म्हण, खाडकन, पूर्वीसारखं. तो प्यायचा आणि द्यायचा, प्यायचा आणि द्यायचा. तिने थर्मास तिरपा केला, आणखी तिरपा केला.

"पाणी संपलं, बाल्दो."

तुंबा त्याच्या हातात होता. त्याने तो खाली ठेवला नाही. एक बोट उचललं, आणि नखाने तुंब्याच्या काठावर वाजवलं.

टक... टक.

फिलोमेना उठली. ओतणाऱ्याला उठून पाणी ठेवावंच लागतं. तिने किटली चुलीवर ठेवली आणि ती खोलीकडे पाठ करून उभी राहिली, कारण पाणी उकळी फुटायच्या आत उतरवायचं असतं, नजर हलवून चालत नाही. मागे खुर्ची वाजली नाही. कोणाचं पाऊल पडलं नाही. फक्त वास येत होता, ओल्या लोकरीचा, आणि तो हळूहळू जवळ येत होता.